आमचं बडोदं सोमवारी बंद असतं



गेले काही महिने इथं एकाहून एक आठवणी येताहेत. कुणाच्या आजोबांना श्रीमंत सयाजीरावांनी नावानिशी हाक मारली होती, कुणाची पणजी राजवाड्यात हळदीकुंकवाला जाऊन आली होती. वाचायला मजा येते. वाचून झालं की सगळे लिहितात, "आमचं बडोदं!" मीही लिहिलं आहे, एकदा नाही, दोनदा. आज मात्र थोडं कडू लिहिणार आहे. पहिला घोट मीच घेतो, म्हणजे कुणाला राग येणार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. बडोद्यावर हक्क सांगणाऱ्या आपल्यासारख्या घरांना बडोदं ठाऊक राहिलेलं नाही. पाहुण्याला ते दाखवता येत नाही. आणि जे दाखवतो, ते आपल्याला मिरवायला सोयीचं असतं तेवढंच. हे मी एका सोमवारी शिकलो.

माझी ओळख जुन्यांना आहेच, नव्यांसाठी सांगतो. जन्म दांडिया बाजारातला. युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. केलं आणि १९७३ साली बँकेत लागलो. अडतीस वर्षं नोकरी, अकरा बदल्या. शेवटची बदली करजणला झाली आणि तिथंच घर बांधून राहिलो. करजण ते बडोदं अंतर तीसेक किलोमीटर. म्हणजे मी बडोद्यापासून फार लांब कधीच गेलो नाही, असं मला वाटत होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात सौ.ची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, साताऱ्याहून आल्या. वय ८१. बरोबर त्यांचा पुण्याचा मुलगा, सून आणि पंधरा वर्षांची नात. रविवारी सगळे सरदारांचा पुतळा बघून आले. मंगळवारी पहाटेची गाडी होती. मधला सोमवार माझ्या वाट्याला आला. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "सोमवारी बडोदं. ते माझ्यावर सोडा."

सकाळी चहाच्या वेळी अक्का म्हणाल्या, "भाऊजी, मला बाकी काही नको. बाबांचं कलाभवन तेवढं बघायचंय."

त्यांचे बाबा, म्हणजे माझे सासरे, १९३६ च्या सुमाराला साताऱ्याहून बडोद्याला आले आणि कलाभवनात कापड रंगवण्याचं शिक्षण घेऊन गेले. कलाभवन १८९० सालचं. सयाजीरावांनी प्रा. त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती ते सोपवलं होतं. हातात कसब देणारी अशी संस्था तेव्हा देशात क्वचितच होती. दादासाहेब फाळके तिथंच शिकले. सासरे सांगायचे, की त्यांच्या वर्गात नळाखालची फरशी निळीनं कायमची निळी झाली होती आणि साहेब किती घासून घेत तरी ती जात नसे. दोघी बहिणींनी ही गोष्ट लहानपणी शंभरदा ऐकलेली. अक्कांना ती फरशी बघायची होती. असेल तर असेल, नसेल तर नसेल.

मी काय म्हणालो? "अहो अक्का, ते आता इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पोरं दंगा करत असतात. कॉलेज काय बघायचं? आधी राजवाडा दाखवतो, मग म्युझियम, मग मांडवी. वेळ राहिला तर कलाभवन." सौ. काही बोलली नाही. तिचेही वडीलच होते ते. पण पाहुण्यांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, ही आमच्या पिढीतल्या बायकांची सवय. त्याचा फायदा मी आयुष्यभर घेतला आहे.

सात माणसांची गाडी ठरवली होती. ड्रायव्हर करजणचाच, तिशीच्या आतला, कमी बोलणारा. साडेदहाला लक्ष्मीविलासच्या फाटकाशी पोचलो. फाटकावर पाटी. सोमवारी बंद.

पाटी स्पष्ट होती, मोठ्या अक्षरात होती आणि नवी नव्हती. चूक कुणाची, यात वाद नाही. अडतीस वर्षं काउंटरवर मी कितीतरी लोकांना सुनावलं असेल, "काका, बाहेर बोर्ड लावलाय, वाचून येत चला." नात हळूच म्हणाली, "आजोबा, फोनवर दिसलं असतं. मी बघू का बाकीचं?" मी म्हणालो, "माझ्या गावात मला फोन कशाला लागतो?"

हे वाक्य मंडळी, लक्षात ठेवा. सगळा दिवस त्या एका वाक्यानं बुडवला.

मग गाडी गावात घातली. मी पुढच्या सीटवर, ड्रायव्हरला रस्ता सांगायला. मी सांगत होतो १९७० चा रस्ता आणि गाडी चालली होती आजच्या रस्त्यावर. जिथं डावीकडे वळ म्हणालो तिथं एकेरी वाहतूक. जी खूण धरून वळायचं तिथं दुकानच नाही. न्यायमंदिराला दोन फेऱ्या झाल्या. १८९६ सालची ती देखणी इमारत, मी उत्साहानं म्हणालो, "बघा, आमचं कोर्ट!" ड्रायव्हर म्हणाला, "काका, कोर्ट तो अहियांथी गई." कोर्ट २०१८ सालीच नव्या इमारतीत गेलं होतं. सूरसागरच्या कडेनं गेलो, त्यातला तो उंच शंकर सगळ्यांनी गाडीतूनच बघितला, कारण गाडी उभी करायला जागा मिळेना. मांडवीपाशी भाचेसून म्हणाली, "छान आहे, पण हे काय आहे नक्की?" मला चार दरवाजे आहेत आणि मध्ये ही इमारत आहे यापलीकडे काही सांगता आलं नाही. कुणी बांधली, कधी, कशासाठी? या गावात मी एकवीस वर्षं वाढलो. कुणी मला विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

दांडिया बाजारातून जाताना मात्र माझी गाडी सुटली. "इथं आमचा वाडा होता. अठरा खोल्यांचा! मागं विहीर, पुढं पडवी. आजोबा राज्याच्या नोकरीत. पंगतीला रोज पंचवीस पानं. आला-गेला कुणी उपाशी गेला नाही." वाडा १९८४ साली पडला, तिथं आता दुकानं आहेत. पण अठरा खोल्या मी सगळ्यांना मोजून दाखवल्या.

अक्कांना शौचालय हवं होतं. एका हॉटेलात विचारलं, तर आधी जेवण मागवा म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी जिना होता आणि अक्कांचे गुडघे. शेवटी एका ओळखीच्या नसलेल्या घरातल्या गुजराती बाईंनी आपणहून दार उघडून आत नेलं, पाणी दिलं आणि वर चहाचंही विचारलं. माझ्या ओळखीचं त्या गल्लीत कुणी उरलं नव्हतं.

दोन वाजता सेव उसळ खाल्ली. ती मात्र बडोद्याचीच. भाचा पुणेकर, तो म्हणाला, मिसळीसारखीच आहे की. एरवी यावर मी अर्धा तास भांडलो असतो. त्या दिवशी अंगात त्राण नव्हतं.

आता म्युझियम. माझा हिशेब असा होता, की राजवाडा खाजगी म्हणून बंद असेल, म्युझियम सरकारी, ते उघडं असणार. बँकवाल्याचं तर्कशास्त्र! वाटेत कीर्तिमंदिर लागलं तेव्हा गाडीत सगळे पेंगत होते, मीसुद्धा. आत नंदलाल बोसांनी रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. शांतिनिकेतनचा एवढा मोठा चित्रकार सयाजीरावांनी बोलावला होता आणि आम्ही त्याच्या भिंतीशेजारून झोपत गेलो. विश्वामित्रीच्या पुलावर नात जागी झाली, कारण तिला मगर बघायची होती. मगरही दिसली नाही.

कमाटी बागेत शिरलो. म्युझियम १८९४ सालचं, आत इजिप्तची ममी आहे आणि देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. नातीला सकाळपासून त्याचंच आमिष दाखवलं होतं. दार बंद. सोमवार.

भाचा काही बोलला नाही. त्यानं नुसतं माझ्याकडे बघितलं. पुण्याच्या माणसानं न बोलणं म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे.

बागेत एका बाकावर बसलो. साडेतीन वाजलेले. आता कुठं जायचं ते मला सुचत नव्हतं आणि परत करजणला जाऊया म्हणायची लाज वाटत होती. तेव्हा दिवसभरात पहिल्यांदाच ड्रायव्हर आपणहून बोलला. "काका, संकल्पभूमी जोवी छे? अहियां ज छे. हूं तो दर वरसे आवुं छुं."

नाव मी पेपरात वाचलं होतं. बागेत नेमकं कुठं, ते माहीत नव्हतं. मी म्हणालो, "आता राहू दे. अक्का थकल्या आहेत."

अक्का म्हणाल्या, "मी कुठं थकले?"

त्या नातीचा हात धरून त्याच्याबरोबर गेल्या. मी चहा शोधायला गेलो. खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. अर्ध्या तासानं ते परत आले. नातीनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला हे माहीत होतं?"

माझ्या अंगात पुन्हा बळ आलं. "म्हणजे काय! आंबेडकरांना अमेरिकेला पाठवलं ते आपल्या सयाजीराव महाराजांनीच. १९१३ साली. स्कॉलरशिप दिली."

"ते नाही," नात म्हणाली. "परत आल्यावरचं."

परत आल्यावरचं आपण सांगत नाही. आपल्या इथल्या आठवणींतही ते मी एकदाही वाचलेलं नाही. तेव्हा आज मी सांगतो. स्कॉलरशिपच्या करारानुसार डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोदा राज्याच्या नोकरीत रुजू व्हायला आले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी करायला. आणि राहायला त्यांना या शहरात जागा मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांचं टोळकं आलं आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेलं. त्यांनी दोन मित्रांकडे विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचे तास त्यांनी याच कमाटी बागेत काढले. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलं आहे. अनोळखी शहरात दिवसभर दारं बंद असणं म्हणजे काय, ते त्या बागेत आमच्या आधी एका माणसानं भोगलं होतं. आमचा दिवस वाया गेला तो माझ्या आळसानं. त्यांचा तो दिवस तसा गेला तो शहरानं ठरवून दारं लावली म्हणून. या दोन्हींची बरोबरी करायचा वेडेपणा मी करणार नाही. पण बसायची बाग एकच होती.

अक्का बाकावर टेकल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा दांडिया बाजारातला वाडा तेव्हा होता ना हो?"

"होता."

"अठरा खोल्या?"

एवढंच विचारलं. पुढं काही नाही. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चला, अंधार व्हायच्या आत निघू."

कमाटी बागेपासून दांडिया बाजार पायी अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. आमच्या दारावर तेव्हा कुणी आलं होतं का? बहुतेक नाही. आजोबांनी कुणाला हाकललं, असा आरोप मी मेलेल्या माणसावर करणार नाही. पण कुणी आलं असतं, तर उत्तर काय मिळालं असतं ते मला ठाऊक आहे. कारण त्यानंतर पन्नास वर्षांनीही, माझ्या लहानपणी, आमच्या त्याच वाड्यात कोण पडवीपर्यंत, कोण चौकापर्यंत आणि कोण मागच्या दारानं, हे ठरलेलं होतं. कुणासाठी वेगळा कप कोनाड्यात उलटा घातलेला असायचा. आला-गेला कुणी उपाशी गेला नाही, हे मी सकाळीच सांगून चुकलो होतो. कोण येऊच शकत नव्हतं, ते सांगितलं नव्हतं.

परत करजणला येताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. रात्रीच्या मुंबईच्या गाड्या आमच्या मियागाम-करजण स्टेशनावरूनच जातात. तेव्हाही जात होत्या, मुंबईला जायची लोहमार्गाची वाट हीच. म्हणजे १९१७ च्या त्या रात्रीची गाडीही आमच्या करजणवरूनच गेली. फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, करजणमध्ये काय आहे बघण्यासारखं?" मी म्हणालो, "काही नाही गं."

तेही खोटंच. भारतातली पहिली नॅरोगेज लाईन मियागाम ते डभोई होती. १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या काळात. तेव्हा रुळांवरून डबे बैल ओढायचे. इंजिनं आणली, पण रूळ त्यांचं वजन पेलण्याजोगे नव्हते, म्हणून १८७३ साली नवे रूळ टाकून ती पुन्हा सुरू केली. आपण ज्या सयाजीरावांचं नाव उठता-बसता घेतो, ते जन्मायच्या आदल्या वर्षीची ही लाईन. आणि आमच्याच तालुक्यात नर्मदेकाठी नारेश्वर आहे, रंग अवधूत महाराजांचं. मूळ मराठी घरातला हा माणूस, गुजरातीत 'दत्तबावनी' लिहून गेला. अक्का साताऱ्यात दर गुरुवारी तीच म्हणतात! ते ठिकाण आमच्या तालुक्यात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. चार दिवस त्या माझ्या घरी होत्या. मी सांगितलं नाही, कारण मी त्यांना विचारलंच नाही.

आता मुद्द्यावर येतो.

बँकेत खात्यावर दोन वर्षं खातेदाराचा काही व्यवहार झाला नाही, की खातं 'इनऑपरेटिव्ह' होतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या फंडात जमा होते. २०१४ पासूनची ही योजना. पैसे बुडत नाहीत, वारसाला मागता येतात. पण वारसानं यावं लागतं, खातं कुठल्या शाखेत, कुणाच्या नावे, ते सांगावं लागतं. मी निवृत्त झालो तरी असे वारस अजून माझ्याकडे सल्ल्याला येतात. "आमच्या आजोबांचे खूप पैसे होते हो." कुठं? ठाऊक नाही. कागद? नाहीत. आपलं 'आमचं बडोदं' याच जातीचं आहे. आजोबांचे खूप होते, एवढंच आपल्याला ठाऊक.

यावर तीन उत्तरं मिळतील, ती मीच देऊन टाकतो.

पहिलं, "ट्रॅफिक, पार्किंग, अस्वच्छता, म्हाताऱ्यांना बसायला जागा नाही." खरं आहे. त्यासाठी अर्ज करा, मागं लागा, मीही सही करतो. पण सोमवारची पाटी कुणी लपवली नव्हती. आणि ज्या गावातल्या शौचालयाबद्दल आपण कधी चौकशीच केली नाही, त्याची तक्रार पाहुणे आल्यावरच का आठवते?

दुसरं, "आता शहर आपलं राहिलं कुठं? इथल्या लोकांना त्या जुन्याचं काय पडलंय?" हे मी फार ऐकतो, लग्नात, मंडळात, गणपतीत. त्या सोमवारचा हिशेब मांडा. अक्कांना दार उघडलं ते एका गुजराती बाईंनी. कोर्ट हललं हे ठाऊक होतं ड्रायव्हरला. शहरातल्या एका जागेशी जिवंत नातं असलेला, दरवर्षी न चुकता तिथं येणारा, आमच्या गाडीतला एकच माणूस होता आणि तो गाडी चालवत होता. मी त्याला दिवसभर डावीकडे-उजवीकडे सांगत बसलो.

तिसरं, "जुनं उकरून काय मिळणार? सयाजीरावांनी केलं ते चांगलंच केलं ना?" केलंच. १९०६ साली सगळ्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण, १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालय, अस्पृश्यांसाठी शाळा. महाराज पुढं होते. प्रश्न असा आहे, की त्यांच्या पुण्याईवर आज जगणारी आपली घरं तेव्हा त्यांच्या किती मागं होती? राजानं माणसाला न्यूयॉर्कला पाठवलं आणि त्याच राजाच्या राजधानीत त्याला एक खोली मिळाली नाही. पहिलं वाक्य आपण नातवंडांना पाठ करून देतो. दुसरं गिळतो. नातवंडं मात्र दोन मिनिटांत फोनवर दोन्ही वाचतात, आणि मग आपल्या पहिल्या वाक्यावरही त्यांचा विश्वास राहत नाही. माझा तोटा तिथं झाला. राजवाडा बंद होता तो मंगळवारी उघडला.

म्हणून माझं आपल्या सगळ्यांना सांगणं आहे. पाहुणा आला की त्याला आधी विचारा, तुम्हाला काय बघायचंय? तो जे सांगेल ते पहिलं दाखवा, आपल्याला मिरवायचं ते नंतर. एका दिवसात सहा ठिकाणं कोंबू नका, अर्ध्या दिवसात एक पुरे. निघण्यापूर्वी वार बघा. आणि जी गोष्ट आपल्या घराला शोभत नाही, तीही त्याच आवाजात सांगा, ज्या आवाजात खोल्या मोजतो.

मी पुढं काय केलं? पुढच्याच बुधवारी एकटा गाडीनं बडोद्याला गेलो, हातात वही घेऊन. तेव्हापासून महिन्यातून एकदा जातो. कुठलं ठिकाण कुठल्या वारी बंद, पायऱ्या किती, बसायला बाक कुठं, शौचालय कुठं, सगळं लिहून ठेवलं आहे. जुन्या लेजरसारखं, तारखेसह. फतेहसिंह म्युझियममध्ये रविवर्म्यांच्या चित्रांसमोर दोन तास उभा होतो. कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांचं गंगावतरण बघितलं, जागेपणी. संकल्पभूमीवर दोनदा गेलो, एकदा त्या ड्रायव्हरबरोबर, त्याच्या मुलीला घेऊन. त्यानं मला रस्ता दाखवला, मी गप्प बसलो.

आणि पहिल्याच बुधवारी एक गोष्ट कळली, ती सांगायला जड जाते. कलाभवन राजमहाल रोडवर आहे. त्या सोमवारी सकाळी राजवाड्याकडून गावात शिरताना आणि संध्याकाळी परतताना आमची गाडी त्या इमारतीसमोरून दोनदा गेली होती. अक्का खिडकीशीच बसल्या होत्या. मी पुढच्या सीटवरून दुसरंच काहीतरी सांगत होतो.

अक्का आता ८३ वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, साताऱ्याच्या घराबाहेर पडत नाहीत. मी कलाभवनाचा बाहेरून काढलेला फोटो पाठवला. त्यांनी फोन केला. "इमारत छान आहे हो भाऊजी. पण बाबांचा वर्ग कुठला त्यातला?"

मला सांगता आलं नाही.

तेव्हा शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कुणाचे वडील-आजोबा १९३५ ते ४० च्या दरम्यान कलाभवनात रंगकामाच्या वर्गाला असतील, किंवा तिथं पुढं शिकवायला असलेल्या कुणाला ठाऊक असेल, तर मला कळवा. वर्ग कुठल्या बाजूला भरायचा, खाली की माडीवर, नळ कुठं होता. मी रीतसर परवानगी काढून आत जाऊन बघणार आहे. निळी फरशी आता नसेल, हे मलाही कळतं. पण अक्कांना "नाही" सांगायचं असेल, तर या वेळी बघून सांगायचं आहे.